गिऱ्हाईक दारात येण्याआधी

राहतं घर विकायला काढायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आहे तसं विका. घेणारा तोडफोड करणारच आहे, आपण कशाला पैसे घालायचे? दुसरा लगेच मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगची कोटेशनं मागवतो. पहिल्याचं नुकसान भावात होतं, दुसऱ्याचं खर्चात.

कोथरूड, डोंबिवली किंवा नाशिक रोडच्या सोसायटीतला तीस वर्षं जुना दोन बेडरूमचा फ्लॅट नव्यासारखा दिसणार नाही, हे बघायला येणाऱ्यालाही ठाऊक असतं. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज या चार भिंतींत घालावं का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. म्हणून त्याची नजर पडद्यांवर रेंगाळत नाही. ती छताच्या कोपऱ्यात, सिंकखाली आणि खिडकीच्या चौकटीवर जाते. जिथे शंका येते तिथे तो भाव पाडून मागतो, आणि दुरुस्तीला लागतील त्याच्या कितीतरी पट पाडतो. खर्च किती येईल ते त्याला माहीत नसतं, धास्ती मात्र असते.

तेव्हा घर दाखवण्याची तयारी म्हणजे घेणाऱ्याच्या मनात येणारी एकेक शंका आधीच निकालात काढणं. हे एकदा पक्कं केलं की पैसा कुठे घालायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याचा घोळ राहत नाही.

सुरुवात ओलीपासून

बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत नीट बघा. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंग फुगलेला असतो, बोट लावलं की पापुद्रा सुटतो आणि पांढरी पूड हाताला लागते. त्या भिंतीला कपाट टेकवलेलं असेल तर आतल्या कपड्यांना कुबट वास येतो. घरातल्यांना या सगळ्याची सवय झालेली असते. नवख्या माणसाला खोलीत पाऊल टाकताच ते जाणवतं.

दोष बहुधा नहाणी ट्रॅपच्या सांध्यात, फरश्यांमधल्या उडालेल्या सिमेंटमध्ये किंवा भिंतीतल्या गंजलेल्या जी. आय. पाइपात असतो. त्यावर नुसता रंग मारला तर थोड्याच दिवसांत पुन्हा पोपडे निघतात, आणि नेमके घर बघायला कुणी आलं असतानाच दिसतात. आधी कारण शोधा. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा कोंडल्यामुळे आलेला तो दमटपणा आहे. खिडकी उघडी ठेवून आणि एक्झॉस्ट फॅन लावून भागेल. बाथरूमचाच संशय असेल तर नहाणीचं तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी चोवीस तास साठवा आणि खालच्या मजल्यावरचं छत तपासा. खालच्या शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.

गळती बंद करणं, सुटलेलं प्लॅस्टर खरवडणं, भिंत पूर्ण सुकू देणं, मग पुट्टी आणि शेवटी रंग, असा क्रम हवा. सुकण्याचा टप्पा सगळेच घाईत उरकतात आणि तिथेच काम फसतं. सर्वात वरचा मजला असेल आणि पाणी गच्चीतून झिरपत असेल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. सेक्रेटरीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. वॉटरप्रूफिंग करून घेतलं असेल तर पावती आणि हमीपत्र जपून ठेवा. ‘इथे गळत होतं, अमुक महिन्यात काम करून घेतलं, ही पावती’ हे वाक्य नव्या रंगाच्या दोन हातांपेक्षा जास्त काम करतं.

लपवाछपवीचा मोह टाळण्याला कायद्याचंही कारण आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला सहजी कळण्याजोगा नसेल, तर तो सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

नळ, बटणं, कड्या

घर बघणारा माणूस हाताने बघतो. नळ सोडतो, फ्लश दाबतो, दिव्याचं बटण लावून पाहतो, सरकती खिडकी ओढतो. गळका नळ म्हणजे एका वॉशरचं काम. पण तो टिपकताना दिसला की ‘यांनी एवढंही केलं नाही, तर आतलं काय पाहिलं असेल?’ असा विचार त्याच्या मनात आलाच म्हणून समजा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांना एकेक दिवस बोलवा. त्याआधी वही घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक दार, कडी, बिजागरी, नळ, प्लग स्वतः वापरून बघा. पावसाळ्यात फुगून घासणारं दार, मच्छर जाळीचं भोक, फुटलेली स्विच प्लेट, हलणारी फरशी, सारं यादीत येऊ द्या. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी बसवले असतील आणि अर्थिंग ठीक असेल तर तेही सांगण्याजोगं आहे, कारण एसी आणि गीझर लावायचा विचार घेणारा करतच असतो.

स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या भिंतीवर आणि एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर असतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि थोडा खाण्याचा सोडा यांनी तो निघतो, फक्त हात चालवावा लागतो. नळावरचे पांढरे डाग जड पाण्याचे असतात. व्हिनेगरने भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं की सुटतात. हेच व्हिनेगर, लिंबू किंवा बाजारातलं अ‍ॅसिड ओट्यावर आणि जमिनीवर मात्र वापरू नका. कडप्पा आणि शहाबाद हे चुनखडीचे दगड, आणि मोझॅकच्या फरशीत संगमरवराचे खडे असतात. अ‍ॅसिडने त्यांची झिलई जाऊन कायमचे फिकट चट्टे पडतात. जुनी मोझॅक फरशी उखडण्याचीही गरज नसते. मशीनने घासून पॉलिश केली की ती चांगली उजळते, आणि नव्या टाइल्सच्या मानाने खर्च थोडका.

माळ्यावरचा संसार

राहत्या घराचा खरा शत्रू अडगळ. लग्नातल्या गाद्या, पितळी पिंपं, मुलांच्या दहावीच्या वह्या, मिक्सरची रिकामी खोकी. माळा भरलेला दिसला की घेणारा एकच अर्थ काढतो: या घरात सामान मावत नाही. कपाटं आणि माळे त्याला उघडून बघायचे असतातच, तेव्हा ते तीन भागांपैकी एक भाग तरी रिकामे दिसू द्या.

आवरताना खोली न धरता वस्तूचा प्रकार धरा. आधी कागद, मग भांडी, मग अंथरूण-पांघरूण, शेवटी आठवणीच्या वस्तू. कागदांपासून सुरुवात करण्याचा फायदा असा की रद्दीतून घराचेच हरवलेले कागद सापडतात. भांडी मोडीत घालण्याआधी बहिणी-भावजयांना विचारून घ्या, नंतरचे रुसवेफुगवे टळतात. आई-वडील घरात असतील तर त्यांच्या वस्तूंना त्यांच्याशिवाय हात लावू नये. त्यांचा निर्णय लवकर होत नसेल तर त्या वस्तू बांधून नातेवाइकांकडे ठेवाव्यात.

हॉलमधल्या शोकेसमधली बक्षिसं, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, तीन-तीन कॅलेंडरं यातलं बरंच उतरवून ठेवा. देवघर हलवायचं कारण नाही; ते स्वच्छ, मोजक्या देवांचं असलं की घराला शोभाच देतं. बाल्कनीतल्या दोऱ्या, जुना कूलर आणि मेलेल्या झाडांच्या कुंड्या काढा. दोन टवटवीत झाडं आणि एक तुळस पुरे.

रंग, उजेड, वास

सगळ्या घराला रंग देणं परवडत नसेल तर हॉल, पॅसेज आणि छत एवढं तरी करा. रंग पांढऱ्याजवळचा फिका. गडद निळी किंवा लाल भिंत तुम्हाला आवडत असेल. घेणाऱ्याच्या डोक्यात तिच्यावर रंग मारायचा खर्च सुरू होतो. काचा आतून-बाहेरून पुसा, जाड पडदे काढा, एका खोलीतले सगळे दिवे एकाच छटेचे ठेवा. अर्धी पिवळी, अर्धी निळसर ट्यूब असलेली खोली कळकट दिसते.

वासाला औषध हवेचं. घर दाखवण्याआधी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. त्या दिवशी मिरचीची फोडणी आणि तळलेले बोंबील दुसऱ्या वेळेला. अगरबत्ती आणि रूम फ्रेशनरचा भपकारा नको. त्याने वास जाण्याऐवजी ‘हे काय झाकतायत?’ असा प्रश्न उभा राहतो.

कुलूपबंद घर

मुलं बंगळुरूला किंवा अमेरिकेत, आई-वडील गेलेले किंवा मुलांकडे राहायला गेलेले, आणि इथला फ्लॅट वर्षानुवर्षं बंद. अशा घरांचे प्रश्न वेगळे. नहाणी आणि बेसिनच्या ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते उडून जातं, मग घरभर दुर्गंधी पसरते आणि झुरळं वर येतात. उपाय साधा: आठवड्यातून एकदा प्रत्येक नहाणीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतायला कुणाला तरी सांगा. दारांच्या चौकटींवर मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर ती वाळवी. रंगाआधी तिचा बंदोबस्त. वीज जोडणी चालू ठेवा. टॉर्चच्या उजेडात बघितलेलं घर कुणी पूर्ण भावाने घेत नाही.

विकणारा अनिवासी असेल तर कराची बाजू आधी समजून घ्या. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का कर कापून भरतो. अनिवासी विक्रेत्याला हा १ टक्क्याचा नियम लागू नाही. त्याची कपात बरीच जास्त असते. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक ठरल्यावर धावपळ करण्यापेक्षा सी.ए.शी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

ज्यावर खर्च करू नये

नवं किचन, फॉल्स सीलिंग, घरभर नव्या टाइल्स, महागडे बाथरूम फिटिंग हे सगळं घेणाऱ्याच्या आवडीवर सोडा. पुनर्विकासाची बोलणी चाललेल्या इमारतीत तर मुळीच नको. तिथे घेणारा क्षेत्रफळाकडे बघतो, टाइल्सकडे नाही. घर मोठं दिसावं म्हणून भिंत पाडणं किंवा बाल्कनी आत घेणं हे घर विकायच्या तोंडावर करण्याचं काम नव्हे. घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. नकाशात नसलेला बदल दिसला की कर्जाचं घोडं तिथेच अडतं.

जिना आणि सोसायटी

तुमच्या दारापर्यंत पोचायला पाहुण्याला गेट, पार्किंग, जिना आणि सूचनाफलक पार करावा लागतो. थकबाकीदारांच्या यादीत आपलं नाव नको. आपल्या मजल्यावरचा जिना धुऊन घ्या, दाराबाहेरचा चपलांचा ढीग आत न्या, पॅसेजमधला गेलेला बल्ब बदला. दाराला तेल द्या. कुलूप उघडेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात समोरच्याला बघायला फक्त तुमचं दारच असतं.

सेक्रेटरी किंवा चेअरमनना आधी कल्पना द्या. बाहेरून कळलं की नसते फाटे फुटतात. सभासदत्व हस्तांतरासाठी कायद्याने सोसायटीचा ना-हरकत दाखला लागत नाही, पण घेणाऱ्याची बँक तो बहुधा मागतेच. महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर ‘देणगी’ म्हणून मागितलेली रक्कम नियमात बसत नाही. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, कन्व्हेयन्स आणि पाण्याच्या वेळा याविषयी प्रश्न येणारच. उत्तरं तयार ठेवा.

कागदांची फाइल

घर लखलखीत आणि फाइल अर्धवट असेल तर सगळी मेहनत वाया. मूळ बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सर्व करारनामे, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची ताजी पावती, विजेचं बिल, कर्ज फेडलं असेल तर बँकेचं पत्र, एवढं एका जागी हवं. कर्ज चालू असेल तर शिल्लक रकमेचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागून घ्या.

घर आई किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर हा विषय सर्वात आधी. नॉमिनी म्हणून सोसायटीत नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, असं होत नाही. सर्व वारस एकत्र सही करणार की बाकीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र देणार, हे ठरवूनच घर दाखवायला काढा. सौदा ठरल्यावर एखादी बहीण किंवा पुतण्या अडून बसला की गिऱ्हाईकही जातं आणि नातीही.

क्षेत्रफळही स्वतः टेपने मोजा. जुन्या करारांत बिल्टअप लिहिलेलं असतं, आज लोक कार्पेट विचारतात. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. ‘साधारण साडेसातशे असेल’ हे उत्तर शंका वाढवतं.

फोटो, मोसम आणि घर दाखवण्याचा दिवस

फोटो दिवसाउजेडी, सगळे दिवे लावून, मोबाइल आडवा धरून, छातीच्या उंचीवरून आणि खोलीच्या कोपऱ्यातून काढा. प्रत्येक खोलीचे दोन पुरेत. खिडकीतून दिसणारं दृश्य आणि पार्किंगची जागाही घ्या. घरातली माणसं, किल्ल्यांचा खिळा, औषधं आणि तिजोरीचं कपाट फोटोत येऊ देऊ नका. कागदपत्रांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास पाठवू नका. गंभीर गिऱ्हाइकाला घरी बोलावून दाखवा.

आपल्याकडे खरेदीला मोसम असतो. पितृपंधरवड्यात सौदे थंडावतात आणि दसऱ्याला पुन्हा जोर धरतात. तसाच जोर गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला. मुलांच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, म्हणून अशा कुटुंबांना ताबा मेपर्यंत हवा असतो आणि त्यांची शोधाशोध जानेवारीपासून चालू असते. भिंतींची कामं पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करून घ्या. भर पावसात घर बघायला येणाऱ्याला टाळू मात्र नका. छत्री झटकत चार मजले चढून येतो तो माणूस खरा गरजू असतो, आणि जुलैमध्ये कोरडी दिसलेली भिंत त्याला कुठल्याही हमीपत्रापेक्षा जास्त पटते.

पश्चिमेकडचं घर दुपारी दाखवू नका, सकाळची वेळ द्या. बोलायला घरातलं एकच माणूस असू दे. ‘ही खिडकी आम्ही गणपतीत बसवली’ अशा कथा घरातल्या ज्येष्ठांनी नंतर हौसेने सांगाव्यात; सौदा झाल्यावर त्या ऐकायला नवे मालकही उत्सुक असतात. पाहुण्यांना प्रत्येक खोलीत मागे-मागे न जाता थोडा वेळ एकटं सोडा. नवरा-बायकोला आपसांत बोलायचं असतं. मौल्यवान चीजवस्तू अर्थातच आधी हलवलेल्या असाव्यात. ‘मुलगा बोलावतोय, महिन्याभरात निघायचंय’ हे सांगू नका. ते ऐकलं की समोरचा थांबायला तयार होतो. वास्तूबद्दल विचारलं तर स्वयंपाकघर, देवघर आणि मुख्य दार कुठल्या दिशेला आहे ते सरळ सांगा, वादात पडू नका.

प्रतिसाद कसा वाचायचा

भाव ठरवताना जाहिरातींतले आकडे प्रमाण मानू नका. ते मागणीचे असतात. आपल्याच इमारतीत किंवा शेजारी अलीकडे नोंदवलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, तिथे करारात नोंदलेली किंमत कळते. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभावासाठी नाही.

फोनच येत नसतील तर फोटो किंवा भाव चुकला आहे. लोक येतात पण दुसऱ्यांदा फिरकत नाहीत, तर घरात काहीतरी खुपतंय. एजंटला स्पष्ट विचारा आणि तीनजणांनी एकच गोष्ट सांगितली तर ती दुरुस्त करा. दोनदा येऊन कागदपत्रांपाशी थबकत असतील तर फाइलमध्ये भोक आहे. आणि कुणी तिसऱ्यांदा, या वेळी आई-वडिलांना घेऊन आलं, तर रंगाची बोलणी संपली, भावाची सुरू झाली. टोकन घेण्याआधी पैसे कुठल्या टप्प्यात, ताबा कधी आणि घरात काय-काय ठेवून जाणार हे कागदावर लिहा: पंखे, गीझर, ट्यूबलाइट, भिंतीतली कपाटं, इन्व्हर्टर, ग्रिल, अगदी पडद्यांचे दांडेसुद्धा. लाखांचे सौदे शेवटच्या दिवशी दोन पंख्यांवरून बिनसलेले एजंटांनी पाहिलेले असतात.